तारेवरचा पँथर

रामटेक तालुक्यात ‘पँथर’ म्हटलं की कुणाचीही नजर पेंचच्या जंगलाकडे वळते. लाईनमनची मात्र वर जाते. १३२ केव्हीच्या मनोऱ्यांवर सर्रास दिसणाऱ्या तारेचं नाव पँथर. ३३ केव्हीला डॉग, गावात शिरणाऱ्या ११ केव्हीला रॅबिट किंवा वीझल, ४०० केव्हीला मूस. ब्रिटिश मानकांतून आलेली ही नावं आपल्याकडे मुक्कामालाच राहिली.

हा पँथर कापून पाहिला तर मधोमध जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या ७ तारा आणि त्यांच्याभोवती पिळलेल्या ॲल्युमिनियमच्या ३० तारा दिसतात, प्रत्येक ३ मिलिमीटर जाडीची. पोलादानं भार पेलायचा, ॲल्युमिनियमनं वीज वाहायची.

तांबं का नाही? तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ॲल्युमिनियम जेमतेम ६१ टक्के वीज वाहतं. म्हणजे तारेचा छेद १.६ पट मोठा हवा. पण तांबं ॲल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड आहे. त्यामुळे तार जाड करूनही तिचं वजन तांब्याच्या निम्मंच भरतं. पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोहच्या १६० मेगावॅट वीजघरातली वीज दोन भाग मध्य प्रदेशला, एक भाग महाराष्ट्राला जाते. जंगल-टेकड्या ओलांडणाऱ्या अशा लाइनीत तारेचा प्रत्येक किलो मनोऱ्याच्या पायावर येतो.

तारेच्या कारखान्यातली खरी लढाई अशुद्धीशी असते. धातूत टायटॅनियम आणि व्हॅनेडियम नावापुरते उरले तरी वीज अडते. त्यावर मोठा सुंदर उपाय आहे: वितळलेल्या धातूत थोडं बोरॉन घालतात. ते या दोघांना धरून त्यांचे जड कण बनवतं आणि कण भट्टीच्या तळाशी बसतात. मग फिरत्या चाकाच्या खोबणीत धातू ओतून, गरम असतानाच लाटून, ९.५ मिलिमीटरची सळई काढतात. ती सळई एकापेक्षा एक बारीक भोकांच्या डायमधून ओढली जाते. ढकलत नाहीत, ओढतात. कणभरही धातू खरवडला जात नाही. एक मीटर सळईची पँथरसाठी सुमारे दहा मीटर तार होते. ओढताना धातूचे स्फटिक लांबतात आणि तार कडक होते. मनोऱ्यावर हा कडकपणा हवाच असतो.

घरातल्या तांब्याच्या वायरीला तो चालत नाही. जवळच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. ती चालवणाऱ्या हिंदुस्थान कॉपरचा तांब्याच्या सळईचा कारखाना मात्र रायगडमध्ये, तळोज्याला, १९८९ मध्ये उभा राहिला. अशी ८ मिलिमीटरची सळई ०.३ मिलिमीटरपर्यंत ओढली की एका मीटरचे सातशेहून अधिक मीटर होतात. ती तार पुन्हा तापवून मऊ करतात. नाहीतर भिंतीच्या कोपऱ्यात वळवताना तुटेल.

या दोन धातूंची गाठ पडते ती शेतात. डीपीवरून ॲल्युमिनियमची केबल येते, मोटरपंपाची वायर तांब्याची असते, आणि घाईत दोन्ही पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली जाते. धानाच्या बांधाशी असा जोड दिसला की मला धस्स होतं. ॲल्युमिनियमवर हवा लागताच वीज अडवणारा पातळ थर धरतो. शिवाय दाबाखाली तो धातू हळूहळू सरकतो. जोड सैल पडतो, तापतो, तापल्यानं आणखी सैल होतो. त्यात पावसाचं पाणी शिरलं की तांब्याच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजू लागतं. मोटारीला विजेचा धड दाब मिळत नाही, ती जळते, वायंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो.

त्यासाठी बाजारात बायमेटल लग मिळतो. त्याचं एक टोक ॲल्युमिनियमचं, दुसरं तांब्याचं. दोन्ही कारखान्यातच असे एकजीव केलेले की मधे पाणी शिरायला फट नसते. जाणत्या वायरमनकडून वीज बंद करून, तार ब्रशनं घासून, जोडाची पेस्ट लावून तो नीट दाबून घ्यायचा. हे काम मृगाच्या आधी उरकायला हवं.