थांबल्यासारखें दिसणारें चाक

यंत्रमागाचा खडखडाट ज्याच्या कानीं पडला नाहीं असा विद्यार्थी भिवंडींत विरळा. त्या मागाची मोटर मिनिटास किती फेरे घेते, हें तिला स्पर्शही न करतां मोजणारें उपकरण म्हणजे स्ट्रोबोस्कोप. यांतील युक्ति १८३२ च्या सुमारास बेल्जियमचे झोझेफ प्लातो व ऑस्ट्रियाचे श्टाम्फर यांनीं स्वतंत्रपणें योजिली. अमेरिकेंत एजर्टन यांनीं १९३१ च्या सुमारास तीस विजेच्या चमकदिव्याची जोड दिली.

प्रथम मोटर बंद असतां पुलीवर खडूची एकच खूण करावी. मग मोटर चालू करून दिवा दुरून पुलीवर रोखावा व बटण फिरवून चमकांची संख्या बदलीत जावी. प्रत्येक फेऱ्यास एक चमक पडली कीं खूण एके जागीं खिळल्यासारखी दिसते. परंतु दोन फेऱ्यांस एक चमक पडली तरी तसेंच दिसतें! समजा, मोटर १४४० फेरे घेते. ती ७२० वरही स्थिरच भासेल. म्हणून आकडा प्रथम बराच वर न्यावा व हळूहळू उतरवावा. २८८० वर समोरासमोर दोन खुणा दिसतील. उतरतां उतरतां जेथें प्रथमच एक खूण स्थिर होईल, तोच खरा वेग.

अपस्माराचा विकार असणारांनीं ही चमक पाहूं नये. आणि सर्वांनींच ध्यानांत ठेवावें कीं, स्थिर दिसणारी पुली पूर्ण वेगानें फिरतच असते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाशही सेकंदास १०० वेळां मंदावतो. त्याखालीं फिरतें चाक कधीं कधीं थांबलेलें वाटतें. यास्तव वडिलांबरोबर कारखान्यांत जाणाऱ्या मुलांस आम्ही आग्रहानें सांगतों, खटका बंद करून चाक थांबल्याची खात्री पटेपर्यंत तिकडे हात नेऊं नका.