ओंडक्यांचं घर – ४ : पाण्याला बाहेरची वाट

ओंडके वाळताना भिंत खाली कशी बसते, हे मागच्या भागात पाहिलं. ओल्या, पूर्ण गोल ओंडक्यांची ८ फुटी भिंत पुरती वाळेपर्यंत सुमारे ६ इंच बसेल असं धरून चालतात, म्हणून खिडक्या-दारांच्या डोक्यावर मोकळी जागा सोडतात. हे बसणं काही वर्षांत थांबतं. पाणी मात्र घर उभं आहे तोवर पाठ सोडत नाही, आणि अमेरिकेत ओंडक्यांचं घर विकत घेणाऱ्याने सगळ्यांत आधी समजून घ्यावं ते हेच.

लाकूड वयाने कुजत नाही, ओलीने कुजतं. स्वीडिश आणि फिनिश वसाहतकऱ्यांनी १६३८ पासून डेलावेअर नदीकाठी वस्ती केली. ओंडक्यांची घरं बांधण्याची रीत त्यांनी सोबत आणली होती. न्यू जर्सीतल्या गिब्सटाउन गावातलं नॉथनेगल घर त्याच काळातलं मानलं जातं, आणि ते आजही उभं आहे. उलट अलीकडे बांधलेल्या घरांचे खालचे ओंडकेही बोटाने खरवडता येतील इतके मऊ झालेले सापडतात. दोन्हीकडे लाकूडच. फरक ते किती काळ ओलं राहिलं याचा.

लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या हिशेबात मोजतात. हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात आणि मग बुरशीचं फावतं. त्यामुळे भिंत पावसात भिजली याचं भय नाही. भिजलेली भिंत पुढच्या उन्हा-वाऱ्यात वाळते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून घराची पाहणी छपरापासून सुरू करावी. छपराची वळचण भिंतीपुढे किती आली आहे, यावर अर्धं भवितव्य ठरतं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथे उतरतं छप्पर आणि पडवी भिंतीला पावसापासून दूर ठेवतात. अमेरिकेत दोन फुटांहून जास्त वळचण असलेलं घर मिळालं तर इतर उणिवा खुशाल पोटात घालाव्यात. वळचण आखूड असेल, तर ती वाढवणं किंवा पावसाच्या बाजूला ओसरी काढणं ही माझ्या मते घराची सर्वांत मोलाची सुधारणा आहे. नव्या स्वयंपाकघराआधी पैसा इथे घालावा.

पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडतं, आणि सगळ्यांत खालचे दोन-तीन ओंडके त्यानेच कुजतात. त्यावर उपाय दोन: छपराला पन्हळ लावून पाणी घरापासून दूर सोडायचं आणि पहिला ओंडका जमिनीपासून निदान दीड फूट उंच जोत्यावर ठेवायचा. जोतं बुटकं असेल तर भिंतीलगतची माती उतरवून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. भिंतीला टेकून जळणाची लाकडं रचणं किंवा झुडपं लावणं टाळावं, कारण त्यांच्यामागे वारा फिरत नाही. कोपऱ्यांत भिंतीबाहेर डोकावणारी ओंडक्यांची टोकंही पाहावीत. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात आणि आडव्या अंगापेक्षा त्या कितीतरी वेगाने पाणी ओढतात. छपराबाहेर गेलेली टोकं वळचणीच्या आत येतील इतकी कापून घ्यायला कचरू नये.

आता भेगा. ओंडका वाळताना परिघाच्या दिशेने जितका आकसतो, त्याच्या साधारण निम्माच गाभ्याच्या दिशेने आकसतो. हा ताण मोकळा व्हायला तो उभा-लांब तडकतो. नव्या मालकाची झोप यानेच उडते, पण अशा भेगांनी भिंतीच्या ताकदीला सहसा बाध येत नाही. पाहायचं ते भेगेचं तोंड. ते वरच्या बाजूला असेल तर पाणी आत साठतं. अशी पाव इंचाहून रुंद भेग लवचीक पदार्थाने भरावी. तोंड खाली असलेली भेग उघडीच ठेवावी. आत गेलेलं पाणी तिथूनच निथळतं, आणि सगळ्या भेगा सरसकट बुजवणारा कारागीर पैसे घेऊन नुकसान करून जातो.

दोन ओंडक्यांमधल्या दरजांची गोष्ट हीच, फक्त अधिक महागाची. जुने वसाहतकरी त्या फटींत लाकडाच्या ढलप्या आणि दगड ठोकत आणि वरून चिकणमाती किंवा चुना लिंपत. हे लिंपण मऊ. ते दरवर्षी थोडं तडकायचं, गळायचं, पण ओल धरून ठेवायचं नाही. पुढच्या पिढ्यांनी डागडुजीचा त्रास कायमचा मिटावा म्हणून तिथे पोर्टलंड सिमेंट भरलं. सिमेंट कडक, आणि ओंडका ऋतूप्रमाणे फुगतो-आकसतो. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते, पाणी त्यातून आत शिरतं आणि सिमेंटमागे अडकून बसतं. बाहेरून दरज अभंग दिसते आणि आत ओंडक्याचा माथा कुजत असतो. जुनं घर घेताना कडक सिमेंटच्या दरजा दिसल्या, तर किंमत ठरवण्याआधी त्यांच्या लगतच्या लाकडात टोच्या घालून पाहावाच. हल्ली या कामासाठी रबरासारखे ताणले जाणारे अॅक्रिलिकचे लेप मिळतात. लेपाच्या मागे फोमची दोरी बसवतात, म्हणजे लेप फक्त वरच्या आणि खालच्या ओंडक्याला चिकटतो, मागे मोकळा राहतो आणि लाकडाबरोबर ताणला जातो. ही दोरी गाळून केलेलं काम फाटतं.

रंगाचं तत्त्वही तेच. पृष्ठभागावर जाड पापुद्रा धरणारा रंग किंवा व्हार्निश नको. पापुद्र्याला तडा गेला की पाणी आत जातं आणि वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. लाकडाला श्वास घेऊ देणारा, रंगद्रव्य असलेला स्टेन लावतात. रंगद्रव्य हवंच, कारण सूर्याची अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन मोडतात आणि भिंत करडी पडते. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतींना हा हात उत्तरेच्या भिंतीपेक्षा लवकर द्यावा लागतो. भिंतीवर पाणी शिंपडून पाहावं. थेंब मण्यासारखे ओघळले तर अजून सवड आहे. लाकडाने शोषले तर काम काढावं. भिंत धुताना मात्र जोरदार फवाऱ्याचं यंत्र जपून वापरावं. त्याने तंतू उसवतात आणि पाणी दरजांत खोल घुसतं. जुना थर काढायला मक्याच्या वाळक्या बुरकुंडांचा भरडा हवेच्या दाबाने मारतात; ते महाग पण लाकडाला सोसणारं आहे.

स्टेनच्या आधी, उघड्या लाकडावर बोरेटचं द्रावण लावलं तर बुरशी आणि किडे दोन्ही दूर राहतात. बोरेट पाण्यात विरघळतं, म्हणून ओलसर लाकडात खोल मुरतं, आणि म्हणूनच वरून स्टेन नसेल तर पावसात धुपून जातं. लाकूड पोखरणाऱ्या सुतार मुंग्या ओलं लाकूड पसंत करतात, त्यामुळे त्या दिसल्या की आधी गळती शोधावी. अपवाद भुंग्याचा. कोरडं लाकूड सहज भेदणारा म्हणून ज्ञानेश्वरांनी ज्याचा दाखला दिला, त्याचाच भाऊबंद अमेरिकेत वळचणीखालच्या कोरड्या लाकडाला अर्ध्या इंचाची गोल भोकं पाडतो. त्याला आवडतं ते उघडं, उन्हाने पिकलेलं लाकूड. स्टेन राखला की तो बहुधा दुसरीकडे जातो.

एवढं करूनही एखादा ओंडका गेलाच, तर भिंत गेली असं नव्हे. रशियातल्या किझी बेटावरचं १७१४ चं ओंडक्यांचं चर्च आतल्या पोलादी सांगाड्यावर तोलून खालून थराथराने सोडवलं, कुजलेलं तेवढंच बदललं आणि पुन्हा रचलं. ते काम २०२० मध्ये पुरं झालं. साध्या घरातही जॅक लावून भार उचलतात आणि खराब तुकडा कापून नवा बसवतात. नवा तुकडा मात्र वाळलेलाच हवा. ओला बसवला तर तो आकसतो आणि वरचा भार शेजारच्या जुन्या लाकडावर जातो.

पुढच्या आठवड्यात थंडीचा हिशेब : ६ इंची ओंडका खरोखर किती ऊब राखतो, आणि पैसा भिंतीत घालावा की छपरात.