औषध म्हणून फुटबॉल

प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही इंजेक्शनं देऊन हे संप्रेरक खाली आणतात. रोगाला आळा बसतो, पण स्नायू झिजतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात. मध्येच अंगातून गरम वाफा निघतात. कालपर्यंत पाण्याची कळशी सहज उचलणाऱ्या माणसाला जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी अशा पुरुषांच्या पायाशी चक्क फुटबॉल ठेवला. बहुतेक जण साठी ओलांडलेले. ५७ जणांपैकी निम्म्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव केला. त्यांची ताकद वाढली, स्नायूही टिकले. काहींना दुखापती झाल्या, हेही सांगायला हवं. देखरेख लागते ती त्यासाठीच. रोग हाडांत उतरला असेल तर कुठल्या सांध्यावर किती भार टाकायचा, हे जाणकारानेच ठरवावं.

मला मात्र त्या पुरुषांचं बोलणं जास्त मोलाचं वाटतं. मैदानावर ते रुग्ण नव्हते, संघातले गडी होते. आजाराविषयी बोलायची सक्ती नव्हती, आणि बोलावंसं वाटलंच तर शेजारच्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. गोल करून बसलेल्या आधारगटात जायला संकोचणारे आपल्याकडचे कितीतरी काका, आजोबा डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली व्यायामही लिहावा, फिजिओथेरपिस्टच्या नावासकट.