ऑर्डरमध्ये आकडा लिहिलात, पण युनिट?



दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. होलसेलरला इंग्रजीत ऑर्डर पाठवली, '20 चार्ट पेपर'. मला हवे होते 20 बंडल. जूनचा सीझन, शाळेची ऑर्डर हातात. पार्सल उघडलं तर आत फक्त 20 शीट! चूक त्याची नव्हती, माझीच. आकडा लिहिला, युनिट लिहिलंच नाही. शाळेने दुसरीकडून माल घेतला.

म्हणून आज थोडं ग्रामर, पण धंद्याच्या कामाचं.

इंग्रजीत काही नामं काऊंटेबल असतात, म्हणजे मोजता येणारी. पेन, बॉक्स, बिल, कस्टमर. यांच्यापुढे आकडा थेट येतो: टू पेन्स, टेन बॉक्सेस.

काही अनकाऊंटेबल. फर्निचर, स्टेशनरी, इक्विपमेंट, इन्फॉर्मेशन, आणि कागद या अर्थाने पेपर. यांना 'एस' लावायचा नाही आणि आकडाही थेट नाही. मध्ये माप घालायचं. मराठीत आपण 'दोन साखर' म्हणतो का? 'दोन किलो साखर' म्हणतो. तसंच टू रीम्स ऑफ पेपर, थ्री पीसेस ऑफ फर्निचर. 'एस' मापाला लागतो, मालाला नाही. रीम म्हणजे 500 शीट, त्यामुळे टू रीम्स म्हटलं की 1000 शीट. विषय संपला.

एक लक्षात ठेवा, अर्थ बदलला की गट बदलतो. 'टू पेपर्स' म्हणजे दोन कागद नाही, दोन वर्तमानपत्रं किंवा दोन प्रश्नपत्रिका. 'ग्लास' म्हणजे काच, पण 'टू ग्लासेस' म्हणजे पाणी प्यायचे दोन ग्लास.

आपण मराठी माणसं अडकतो कुठे? आपण म्हणतो 'पैसे बाकी आहेत', 'तांदूळ संपले'. दोन्ही अनेकवचनी. इंग्रजीत मनी आणि राईस एकवचनी. म्हणून 'द मनी इज ड्यू' लिहायचं, 'आर' नाही. विचारतानाही हाऊ मच मनी, पण हाऊ मेनी बिल्स.

ही सवय जीएसटीलाही उपयोगी पडते. जीएसटीआर-1 च्या एचएसएन समरीत मालाचं युनिट कोडनेच द्यावं लागतं: नग असतील तर एनओएस, किलो असेल तर केजीएस.

आता एक काम करा. तुमचं शेवटचं कोटेशन उघडा आणि प्रत्येक आकड्यापुढे युनिट आहे का बघा. नसेल तर पार्टीला आजच फोन करा. माल निघाल्यावर ग्रामर सुधारून उपयोग नाही!