अनवाणी टीमचा १९२३ चा सीझन

रोव्हर्स कप ही मुंबईची जुनी फुटबॉल स्पर्धा, १८९१ ला सुरू झालेली. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणीच जिंकायच्या. १९२३ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान तिच्या फायनलला पोचला. तिथवर गेलेली ही पहिली भारतीय टीम. समोर डरहॅम लाइट इन्फंट्री. ४-१ ने हरले बिचारे. त्याच वर्षी आयएफए शील्डच्या फायनलमध्येही कलकत्ता एफसीने त्यांना ३-० असं हरवलं.

याच क्लबने १९११ ला ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ ने नमवून शील्ड जिंकली होती, तीही अकरापैकी दहा जण अनवाणी! बूट होते फक्त सुधीर चटर्जींच्या पायात. मग १९२३ ला काय बिघडलं? शील्ड फायनलला पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. आपल्या देवळ्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात अनवाणी पळून बघा, लगेच कळेल. चिखलाचा वरचा थर वंगणासारखं काम करतो. सपाट तळव्याला पकडच मिळत नाही. बुटाचा स्टड तो थर फोडून खालच्या घट्ट मातीत रुततो. कोरड्या मैदानावर मात्र उघड्या पायाला बॉल छान कळतो, ड्रिबलिंग झकास होतं. त्यामुळे 'गोरे दणकट होते म्हणून जिंकले' एवढंच म्हणणं मला तरी पटत नाही.

रोव्हर्स कप भारतीय टीमच्या हाती यायला १९३७ उजाडलं. जिंकली बंगलोर मुस्लिम्स. बुटांची सक्ती तर त्याहून उशिरा झाली, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतल्यावर.