चालून जमलेले पैसे जातात कुठे?

(सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्याच्या सदरात झालेलं बोलणं. छापताना थोडं आवरून घेतलं आहे.)

दुपारची कामं आटोपून बसला असाल. हातात काही निवडायला घेतलं असेल तर ते चालू ठेवा, आणि कान इकडे द्या.

मागच्या ऑक्टोबरात आमच्या गावातल्या बचत गटांनी मिळून एक फेरी काढली. ग्रामपंचायतीपासून बंदरापर्यंत. कोळीवाड्यातून बाया आल्या, आगरआळीतून आल्या, मोहल्ल्यातूनही आल्या. गुलाबी ओढण्या, हातात फलक. वाटेत दुकानदारांनी, बोटवाल्यांनी डब्यात पैसे टाकले. डब्यावर आम्ही लिहिलं होतं, ‘स्त्रियांच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी’.

संध्याकाळी समाजमंदिरात पैसे मोजत बसलो, तर शेजारच्या आजी येऊन म्हणाल्या, “संशोधनाला? म्हणजे दर्यात टाकलेत गो पैसे. त्यापेक्षा माझ्या सुनेच्या तिकिटाला तरी द्यायचे.”

त्यांची सून त्या वर्षी परळच्या खेपा घालत होती. रेवसहून लाँचने भाऊचा धक्का, तिथून टाटा हॉस्पिटल. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, आणि तिने ते वर्षभर कुणाला सांगितलं नाही.

आजींना काय उत्तर द्यावं, आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. म्हणून मी नंतर वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. जे कळलं ते आज सांगते.

चालून मागणं आपल्याला नवं नाही

वारीची परंपरा तर आहेच. पण चालत जाऊन लोकांकडे मागायचं, हेही आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने करून दाखवलं आहे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९५१ पासून ते गावोगाव पायी फिरले आणि भूमिहीनांसाठी जमीन मागितली. जो पायी दारात येतो, त्याला माणूस सहसा रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

कर्करोगासाठी चालण्याची मोठी सुरुवात अमेरिकेत झाली. सुझन कोमेन नावाची बाई १९८० साली स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिची बहीण नॅन्सी ब्रिंकर हिने तिच्या नावाने संस्था काढली, आणि १९८३ साली डॅलस शहरात पहिली दौड भरवली. तेव्हा आठशे जणी आल्या होत्या. पुढे तशा दौडी आणि फेऱ्या कितीतरी देशांत पसरल्या.

आपल्याकडे मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. जानेवारीत टीव्हीवर तुम्ही ती पाहता. २०१२ साली मुंबईत फक्त बायकांसाठी ‘पिंकेथॉन’ सुरू झाली, तिचा भर स्तनाच्या कर्करोगाची माहिती पोचवण्यावर. साडी नेसून, पायात साध्या चपला घालून धावलेल्या बायाही त्यात दिसतात.

एक रुपया, चार वाटा

आता मुद्द्याचं. फेरीत गोळा झालेला रुपया कुठे जातो? वाटा साधारण चार.

पहिली वाट फेरीच्याच खर्चाची. मंडप, टी-शर्ट, पाणी, बॅनर. मोठ्या मॅरेथॉनमध्ये तर भाग घेण्याची फी वेगळी आणि देणगी वेगळी. फी आयोजकांकडे जाते. ज्याला संस्थेसाठी पैसे उभे करायचे असतात, तो ओळखीच्यांना सांगतो, ‘मी या संस्थेसाठी धावतोय, तुम्ही देणगी द्या’, आणि ती देणगी त्या संस्थेला पोचते. मुंबईत हे काम ‘युनायटेड वे मुंबई’मार्फत चालतं.

दुसरी वाट माहिती आणि तपासणीची. पत्रकं, शिबिरं, तपासणीची गाडी.

तिसरी वाट उपचाराची. टाटा हॉस्पिटलशी जोडलेला ‘विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम २००३ साली सुरू झाला. स्वतः स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या देविका भोजवानी यांनी त्यात पुढाकार घेतला. गरीब बायकांच्या उपचाराला तो मदत करतो, आणि स्त्रियांच्या कर्करोगावर डॉक्टरांची परिषदही भरवतो.

चौथी वाट संशोधनाची. ही सगळ्यात लांबची आणि सगळ्यात कमी दिसणारी. शिबिराचा फोटो निघतो. संशोधनाचा काय फोटो काढणार? म्हणून लोकांना वाटतं, पैसे दर्यात गेले.

संशोधन म्हणजे काय, ते तीन गोष्टींतून बघू

पहिली गोष्ट मुंबईच्या झोपडपट्टीतली. १९९८ साली टाटा हॉस्पिटलने तिथल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. प्रश्न साधा होता. डॉक्टर नाही, मशीन नाही, तरी गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग वेळेत ओळखता येईल का? दहावी शिकलेल्या स्थानिक मुलींना चार आठवडे शिकवलं. पातळ व्हिनेगर कापसाने गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. एवढीच तपासणी. पुढे बारा वर्षं हिशोब ठेवला. ज्यांना ही तपासणी मिळाली, त्यांच्यात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे २०१३ साली जगापुढे मांडलं गेलं.

दुसरी गोष्ट उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याची. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं खेड्याखेड्यांत गेली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बाया या अभ्यासात होत्या. हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो. त्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तर काय फरक पडतो, ते बघायचं होतं. चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत ३४ बाया या रोगाने गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, चाचणी न झालेल्या गटात ६४ गेल्या. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्मे. हा निकाल २००९ साली छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. त्यामागे मराठवाड्यातल्या शेतकरी बाया होत्या.

तिसरी गोष्ट स्तनाच्या कर्करोगाची. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत १,६०० बायकांवर अभ्यास केला. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात ते औषध. इंजेक्शन न दिलेल्या शंभर बायकांपैकी पाच वर्षांनी साधारण ८६ हयात होत्या, दिलेल्या शंभरांपैकी ९०. या औषधाला खर्च किती? शंभर रुपयांच्या आसपास.

नफा नाही, मग पैसा कोण देणार?

आता या तिन्ही गोष्टींत काय सारखं आहे, बघा. व्हिनेगर विकून कुणी श्रीमंत होत नाही. आयुष्यात एकदा करायची चाचणी म्हणजे दर महिन्याचं गिऱ्हाईक नव्हे. शंभर रुपयांच्या जुन्या औषधावर कोणती कंपनी कोटी कोटी रुपये खर्चून अभ्यास करेल? महागड्या नव्या औषधाचा अभ्यास कंपनी करते, कारण पुढे ते विकायचं असतं. पण ज्या उत्तरातून बाईचा जीव वाचतो आणि नफा कुणालाच होत नाही, त्या प्रश्नाला पैसा सरकारने द्यायचा किंवा समाजाने.

इथे मी खरं तेच सांगते. या तीन अभ्यासांचा पैसा फेऱ्यांतून आलेला नव्हता. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेने पैसे दिले, उस्मानाबादच्या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनने, आणि लिग्नोकेनच्या अभ्यासाला आपल्या सरकारच्या अणुऊर्जा विभागाने. टाटा हॉस्पिटल त्याच विभागाखाली चालतं. इतके मोठे अभ्यास आपल्या डब्यातल्या चिल्लरीवर होत नाहीत.

मग आपल्या पैशाचं काम काय? आपण शेतीवाल्या आहोत, तर राब आठवा. आधी कोपऱ्यातल्या लहान तुकड्यात राब भाजतो, बी टाकतो, रोपं तयार करतो. मग अख्ख्या शेतात लावणी. राबच नसेल तर लावणी कशाची करणार? संशोधनातही तसंच. मोठी संस्था कोटींचा निधी देण्याआधी विचारते, ‘लहान प्रमाणात करून बघितलंत का?’ ते लहान काम म्हणजे एखाद्या तरुण संशोधिकेचं वर्षाचं मानधन, काही नमुन्यांची तपासणी, पेशंटला पुन्हा बोलावण्याचं गाडीभाडं, नोंदी ठेवणाऱ्या मुलीचा पगार. असे खर्च देणगीतून भागू शकतात.

नोंदी ठेवणं हेही संशोधनच आहे, बरं का. इंडियन कॅन्सर सोसायटी ही देणग्यांवर उभी राहिलेली संस्था. तिने १९६३ साली मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. देशातली अशी पहिली. कुठला कर्करोग कुठल्या वयात किती, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? २०२२ सालचा अंदाज सांगतो की भारतात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा आणि १ लाख २७ हजार बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झाला. असे आकडे नोंदवह्यांतूनच उभे राहतात.

आणि हे काम फार लांब कुठे चाललेलं नाही. पनवेलच्या पुढे, खारघरला, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात त्याला. म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. त्याची मुळं परळच्या जुन्या कर्करोग संशोधन केंद्रात आहेत, जिथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगावर काम केलं. त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळालं.

आपण फेरी काढली तर

आमची चूक आधी सांगते. आम्ही स्वतःच डबा फिरवला. गटाच्या नावाने अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, गणपती मंडळं घेतात तशी. ते आम्हाला नंतर कळलं. त्यापेक्षा सोपी रीत आहे. पैसे आपल्या हातात घ्यायचेच नाहीत. ज्या संस्थेला द्यायचे तिच्या खात्यात देणाऱ्याने थेट भरायचे आणि पावती घ्यायची. आपण फक्त चालायचं आणि सांगायचं.

संस्थेला आधी चार प्रश्न विचारा. तुमची नोंदणी आहे का? पावती मिळेल का? देणगी उपचाराला जाईल की संशोधनाला? आणि वर्षाचा हिशोब आम्हाला कुठे बघायला मिळेल? संशोधनासाठी वेगळा निधी असेल तर पावतीवर ‘संशोधनासाठी’ असं लिहून घ्या. आपल्या गटात पाच रुपयांचा हिशोब लागेपर्यंत बैठक उठत नाही. तोच नियम इथेही. कुणी उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी संस्था बघा. आणि टी-शर्टवर खर्च करू नका. आपली साडी चांगली आहे.

दुसरं, एखाद्या अभ्यासात भाग घ्यायला तुम्हाला कुणी विचारलं, तर संमतीपत्र आपल्या भाषेत वाचून घ्या. समजल्याशिवाय अंगठा नाही की सही नाही. नको असेल तर नाही म्हणता येतं, मधूनही सोडता येतं, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. तो तुमचा हक्क आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. संशोधनाचं फळ आधीच आपल्या दारात येऊन पडलंय. असल्या अभ्यासांच्या आधारावरच सरकारने ठरवलं की ३० ते ६५ वयाच्या बायकांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी. आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारा, तपासणी कोणत्या दिवशी असते. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी म्हणजे तीच, व्हिनेगरची. ती आपण करून घेतली नाही, तर त्या दीड लाख बायकांनी बारा वर्षं दिलेली साथ आपल्या गावापुरती वाया गेली.

आणि पाळी गेल्यावर अंगावरून गेलं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं, पांढऱ्या पाण्याला घाण वास आला, किंवा छातीत गाठ लागली, मग ती दुखत नसली तरी, तर पाच वर्षं थांबायचं नाही. त्याच आठवड्यात दवाखाना.

त्या आजींकडे मी परवा जाऊन आले. त्यांच्या सुनेचे उपचार झाले, आता तपासणीला जावं लागतं. मी त्यांना म्हटलं, “आजी, तिकिटाचं तुमचं खरं होतं. यंदा गट ठरवून एका पेशंटच्या जाण्यायेण्याचा खर्च करणार आहे. पण पैसे दर्यात गेले नाहीत. सून गेल्या वर्षी परळला गेली ती रोग वाढल्यावर. ती व्हिनेगरची तपासणी आधी झाली असती तर काय सांगावं, उपकेंद्रावरच लक्षात आलं असतं. आणि ती तपासणी कुणीतरी शोधली, पारखली, म्हणूनच आज आहे.”

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “धाकटीला कधी नेऊ?”

यंदाची आमची फेरी बंदरावर संपणार नाही. ती उपकेंद्राच्या दारात संपेल, आणि तिथे रांग लागेल. तुमच्या गावात फेरी निघाली तर तिचा शेवटही तिथेच करा.

येते मी. नमस्कार.