मेणाच्या पुतळ्याचा खून

मुलांना खुनाची गोष्ट सांगावयाची, आणि तीहि हंसवीत हंसवीत, हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. प्रेत समोर आणलें तर मूल रात्रीं दचकून उठतें. प्रेत वगळलें तर शोध तरी कशाचा करावयाचा? अ‍ॅलेक्स हर्श या अमेरिकन चित्रकारानें डिस्ने चॅनेलसाठीं निर्मिलेल्या 'ग्रॅव्हिटी फॉल्स' या व्यंगचित्रमालिकेंत या पेंचावर मोठी गमतीची तोड काढलेली आढळते. ३० जून २०१२ रोजीं प्रथम दाखविल्या गेलेल्या 'हेडहंटर्स' या भागांत खून होतो तो मेणाच्या पुतळ्याचा.

हकीगत थोडक्यांत अशी. डिपर व मेबल हीं बारा वर्षांचीं जुळीं भावंडें उन्हाळ्याच्या सुटींत ऑरेगन राज्यांतील एका काल्पनिक गांवीं आपल्या चुलत आजोबांकडे येतात. हे स्टॅन आजोबा म्हणजे एक वल्लीच. खोट्यानाट्या चमत्कारिक वस्तूंचें प्रदर्शन मांडून प्रवाशांचे खिसे हलके करणें हा त्यांचा धंदा. त्यांच्या घरांत एक विसरलेली खोली सांपडते. तींत शेरलॉक होम्स, शेक्सपियर, चंगीझखान वगैरे नामांकित मंडळींचे मेणाचे पुतळे धूळ खात उभे असतात. मेबल उरल्यासुरल्या मेणांतून खुद्द आजोबांचाच पुतळा घडविते. आजोबा खूष! ते त्याला आपल्या शेजारीं बसवितात. क्षणभर उठून जातात आणि परत येऊन पाहतात तों पुतळ्याचें मुंडकें नाहींसें झालेलें.

येथून पुढें सर्व कांहीं रहस्यकथेच्या ठरीव वळणानें घडतें. गालिच्यावर पाऊलखुणा आहेत, पण बुटाच्या तळाला भोंक आहे. कुऱ्हाड सांपडते; ती डावखुऱ्याची असल्याचें गुत्त्यांतील एक लाकूडतोड्या सांगतो. गांवचे पोलीस पोरांच्या उद्योगाला हंसतात. मग डावखुऱ्यांची यादी होते, एकेक नांव खोडलें जातें, आणि संशय एका बापुड्या वार्ताहरावर येऊन ठेपतो. परंतु खुनाच्या वेळीं तो आपल्या कचेरींत एका निवेदिकेच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमेचें चुंबन घेत होता, असें तेथील कॅमेऱ्यानेंच टिपलेलें निघतें! निर्दोषीपणाचा याहून लाजिरवाणा पुरावा रहस्यवाङ्मयांत विरळाच.

पुढें पुतळ्याचा रीतसर अंत्यविधि होतो. तेथें शवपेटींतील पुतळ्याच्या बुटाला डिपरला तसेंच भोंक दिसतें. पुतळा दांडीवर उभा करतां यावा म्हणून तें ठेवलेलें असतें. कुऱ्हाडीवर बोटांचे ठसे कां नव्हते, हेंहि मग उलगडतें. मेणाच्या बोटांना ठसे कोठून येणार? खुनी म्हणजे ते जुने पुतळेच, आणि त्यांचा म्होरक्या साक्षात् शेरलॉक होम्स!

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १९२९ सालीं रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांत अद्भुत शक्तींना मज्जाव आहे, आणि शोधकानें स्वतःच गुन्हा करूं नये असेंहि एक कलम आहे. येथें दोन्ही एका फटक्यांत मोडलीं. पुतळे शापित असून चंद्र वाढत असतां जिवंत होतात. (इंग्रजींत मेणाला आणि चंद्राच्या वाढीला एकच शब्द आहे, म्हणजे हा सारा खटाटोप एका कोटीसाठीं!) तरीहि प्रेक्षकाची फसवणूक होत नाहीं. हातीं आलेला धागा शोधकानें लपवून ठेवूं नये, हा नॉक्सचा आठवा नियम मात्र इमानानें पाळला आहे. बुटाचें भोंक आरंभापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें.

पुतळ्यांना मारावयाचें होतें खऱ्या स्टॅन आजोबांना. दहा वर्षें आपल्याला कोंडून ठेवलें, हा त्यांचा राग. पण कुऱ्हाड चुकून पडली ती प्रतिकृतीवर. कॉनन डॉइलच्या 'दि एम्प्टी हाउस' या १९०३ सालच्या कथेंत होम्स खिडकींत स्वतःचा मेणाचा अर्धपुतळा ठेवतो आणि त्याच्यासाठीं झाडलेली गोळी त्या मेणाच्या डोक्यांतून जाते. तेथें मेणानें होम्सचा जीव वाचविला. येथें मेणाचा होम्सच जिवावर उठला आहे. अखेर छपरावर डिपरशीं झुंजण्याच्या भरांत त्याला उजाडल्याचें भान राहत नाहीं, आणि उन्हानें तो वितळून जातो.

प्रेत, तपास, शवपेटी, शोक असा मृत्यूचा सगळा सोहळा मुलांना पाहावयास मिळतो, आणि मेलेलें तर कोणीच नसतें. मात्र शोकाच्या बाबतींत कर्त्यांनीं एक गोष्ट हातचीं राखून ठेविली होती. अंत्यविधीच्या वेळीं आजोबांना रडूं कोसळतें, आणि डोळ्यांत चमकी गेल्याची सबब सांगून ते निघून जातात. स्वतःच्या पुतळ्यासाठीं रडणारा म्हातारा हें प्रहसनच. पाहणारा पोट धरून हंसतो. पुढें २०१५ मध्यें मालिकेनें उघड केलें कीं, आजोबांना एक जुळा भाऊ होता. तो तीस वर्षें हरवलेला होता, आणि त्याला परत आणण्यासाठीं ते घराच्या तळघरांत गुपचूप खपत आले होते. हें कळल्यावर जो कोणी 'हेडहंटर्स' पुन्हा पाहील त्याला, आजोबांनीं हौसेनें शेजारीं बसविलेला तो पुतळा कोणाच्या जागीं बसला होता, तें सांगावें लागत नाहीं.